हशा कोणाचा?

काही वर्षांपूर्वी भोर आणि वेल्हे (म्हणजे आताचा राजगड) तालुक्यांतले आम्ही चार शिक्षक मुंबईला एका विनोदी कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून गेलो होतो. ओळखीतल्या एकाने पास मिळवून दिले होते. पहाटेच्या एस.टी.ने स्वारगेट, तिथून मुंबई, मग लोकल आणि रिक्षा असे करत स्टुडिओत पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. टीव्हीवर भव्य दिसणारे ते सभागृह प्रत्यक्षात आमच्या शाळेच्या दोन वर्गांएवढेच निघाले. थंडी मात्र महाबळेश्वरची.

कार्यक्रम सुरू व्हायला अजून अवकाश होता. पण हसणे आधीच सुरू झाले. कानाला यंत्र लावलेला एक तरुण पुढे येऊन म्हणाला, "चला मंडळी, आता मोठ्याने हसायचंय. कॅमेरा तुमच्यावर आहे." कशाला हसायचे हे आम्ही विचारले नाही. पहिल्यांदा आमचे हसणे पाठ केलेल्या उत्तरासारखे कोरडे होते. मग पुढच्या रांगेतल्या एका आजींना खरेच हसू फुटले. त्यांना पाहून शेजारच्या बाईंना, मग मागच्या रांगेला, मग आम्हाला. मिनिटभरात पन्नास-साठ माणसे पोट धरून हसत होती, आणि रंगमंचावर कोणीही नव्हते!

परतीच्या एस.टी.त आमच्यात हीच चर्चा. विनोद नसताना आम्ही का हसलो? त्या रेकॉर्ड केलेल्या हशाचे पुढे काय होते? आणि घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हशाची गरज कधीपासून भासू लागली? उत्तरे शोधता शोधता आम्ही रोमपासून आपल्या इंगवलीपर्यंत फिरून आलो. ती हकिगत वाचकांना, विशेषतः वर्गात रोज हशाला तोंड देणाऱ्या शिक्षकांना, उपयोगी पडेल असे वाटते.

भाडोत्री हशा जुनाच

प्रेक्षकांत आपली माणसे बसवून दाद वसूल करण्याची युक्ती टीव्हीने शोधलेली नाही. रोमचा सम्राट नीरो याला गाण्याची मोठी हौस. त्याने टाळ्या वाजवण्यासाठी सुमारे ५,००० धडधाकट तरुण नेमले होते आणि त्यांना टाळ्यांचे निरनिराळे प्रकार शिकवले होते, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवले आहे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये याचा रीतसर धंदाच झाला. १८२० साली तिथे नाटक कंपन्यांना पैसे घेऊन दाद पुरवणारी एक संस्था निघाली. त्यांच्या माणसांत कामाची वाटणी होती. कोणी टाळ्या वाजवायच्या, कोणी 'वन्स मोअर' ओरडायचे, बायकांनी रुमाल डोळ्यांना लावायचा आणि काहींनी फक्त हसायचे. एकाने सुरुवात केली की बाकीचे प्रेक्षक मागून येतात, हे त्या धंदेवाल्यांना पक्के ठाऊक होते. हशाचा संसर्ग प्रयोगशाळेत मोजला गेला तो पुढे दीडशे वर्षांनी.

सोंगाड्याचा कान

आपल्याकडच्या लोककलेत हशाचे काम वेगळे होते. तमाशात गण-गौळण झाली की बतावणी येते. तिथे सोंगाड्याच्या हाती छापील संहिता नसते. गोष्टीचा सांगाडा ठरलेला, पण मधला मजकूर त्या रात्रीचा, त्या गावचा. सोंगाड्या एक वाक्य टाकतो आणि कान देतो. हशा पिकला तर तोच धागा ताणतो; नाही पिकला तर वाट बदलतो. म्हणजे इथे हशा ही शेवटी मिळणारी पावती नव्हे. तो खेळाचा सुकाणू आहे. प्रेक्षकांकडून कलाकाराकडे जाणारा तो निरोप असतो, आणि पुढचे वाक्य त्या निरोपावर ठरते.

या कानाचा सर्वांत गाजलेला धनी आपल्याच भागातला. दादा कोंडके यांचा जन्म १९३२ साली मुंबईतला, नायगावच्या चाळीतला. पण कोंडके घराणे मूळचे भोर संस्थानातल्या इंगवलीचे. वसंत सबनीसांनी लिहिलेले 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य १९६५ साली रंगमंचावर आले आणि दादांनी महाराष्ट्रभर त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग केले. सत्तेवर बसलेल्यांची टर उडवणाऱ्या या वगात दादा त्या त्या गावच्या आणि त्या त्या दिवसाच्या घडामोडी ऐन वेळी घालत. त्यामुळे एकच नाटक पुन्हा पाहायला गेलेल्या माणसाला नवे काही मिळे.

त्याच काळात द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर ही त्रयी कथाकथनासाठी गावोगाव फिरत होती. पोशाख नाही, पडदा नाही, फक्त माणूस आणि मायक्रोफोन. गोष्ट लिहिलेली असली तरी ती सांगताना कुठे थांबायचे, हे समोरचा हशा ठरवी. हशा पुरता ओसरायच्या आत पुढचे वाक्य टाकले तर ते वाया जाते, आणि जास्त थांबले तर सभा थंड पडते. अनुभवी शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको.

हशा फितीवर चढला

हा दुहेरी व्यवहार रेडिओने पहिल्यांदा तोडला. ऐकणारा घरात आणि बोलणारा स्टुडिओत. विनोद सांगून झाला की पुढे शांतता. म्हणून अमेरिकेतल्या रेडिओ कंपन्यांनी स्टुडिओतच प्रेक्षक बसवायला सुरुवात केली. त्यांचा हशा विनोदवीराला वेळ साधायला उपयोगी पडे आणि घरी बसलेल्याला सोबत देई.

पुढची पायरी चुंबकीय फितीची. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने जर्मनीतून फितीवर ध्वनी नोंदवणारी यंत्रे मायदेशी आणली, आणि १९४७ पासून गायक बिंग क्रॉसबी याचा रेडिओ कार्यक्रम फितीवर नोंदवला जाऊ लागला. फीत कापता येते आणि जोडताही येते. मलिनने सांगितलेली एक हकिगत अशी : बॉब बर्न्स हा ग्रामीण ढंगाचा विनोदवीर एकदा कार्यक्रमात आला आणि त्याने शेतावरच्या काही चावट गोष्टी सांगितल्या. लोक हसून बेजार झाले. गोष्टी प्रक्षेपित करण्यासारख्या नव्हत्या, त्या कापल्या गेल्या. पण तो हशा मात्र जपून ठेवला, आणि पुढे एका बेताच्या कार्यक्रमात विनोदांच्या मागे जोडून दिला. विनोद आणि हशा यांची ताटातूट झाली ती अशी.

टीव्हीवर १९५० साली 'द हँक मॅकक्यून शो' या मालिकेत प्रेक्षक नसताना हशा घातला गेला. १९५१ साली सुरू झालेल्या 'आय लव्ह लूसी'ने उलटी वाट धरली. खरे प्रेक्षक बसवायचे, आणि प्रसंग तुकड्यांत न तोडता तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रित करायचा. नटांना हशा ऐकू येई, ते त्याप्रमाणे थांबत. नाटकाचा थोडासा जिवंतपणा त्यामुळे फिल्मवर उतरला.

पण खऱ्या प्रेक्षकांची एक अडचण असते. नट चुकला की प्रसंग पुन्हा घ्यावा लागतो, आणि तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकताना माणूस तितका हसत नाही. शिवाय कधी कधी एखादाच माणूस भलत्या ठिकाणी खो खो करतो. यावर उपाय केला चार्ल्स डग्लस या ध्वनिअभियंत्याने. युद्धकाळात नौदलात रडारवर काम केलेल्या या गृहस्थाने १९५३ च्या सुमारास हशाची पेटीच तयार केली. आत फितींची सुमारे ३२ वेटोळी, प्रत्येकीवर दहाएक हशे. बाहेर टाइपरायटरसारख्या कळा आणि हशा लांबवायला-आखडायला पायाखाली एक पट्टी. एका कळीत बायकांचे खुदखुदणे, दुसरीत पुरुषाचे खदखदणे, तिसरीत सभागृहभर गडगडाट. बाजाच्या पेटीवर सूर धरावा तसा डग्लस हशा धरी. हे हशे त्याने प्रामुख्याने मूकाभिनयाच्या कार्यक्रमांतून गोळा केले होते, कारण तिथे हशात संवाद मिसळत नाहीत. पेटी कुलूपबंद असे आणि आतली रचना तो कोणाला दाखवत नसे. १९९२ साली अमेरिकेतल्या एमी पुरस्काराने त्याच्या या तंत्राचा गौरव झाला.

हा हशा सर्वांना मान्य होता असे नाही. युद्धभूमीवरच्या डॉक्टरांची गोष्ट सांगणाऱ्या 'मॅश' (१९७२ ते १९८३) या मालिकेच्या निर्मात्यांना तो नकोच होता. वाहिनीने आग्रह धरला. शेवटी तडजोड झाली की निदान शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हशा घालायचा नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने तीच मालिका हशाशिवाय दाखवली. रक्तबंबाळ जवानावर उपचार चालू असताना डॉक्टर जो कडवट विनोद करतो, त्याच्यावर मागून गडगडाट झाला तर त्याचा अर्थच बदलतो. कुठे हसायचे हे दुसऱ्याने ठरवले की कशाला हसायचे हेही तोच ठरवू लागतो.

सिंहगडाच्या मनोऱ्याखाली

आता आपल्या डोंगरात येऊ. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यासाठी सहक्षेपण सुरू झाले. त्याचा मनोरा सिंहगडावर. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरून निघालेल्या त्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. त्यामुळे ज्या गावाला सिंहगडाचा मनोरा दिसे त्याला टीव्ही दिसे. जे गाव राजगड-तोरण्याच्या आडोशाला, त्याच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या. एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवतोय आणि खालून दुसरा ओरडतोय, "आलं, आलं... गेलं!", हा खेळ आमच्या पिढीने मूळ कार्यक्रमापेक्षा जास्त पाहिला आहे.

त्या दशकात चिं. वि. जोशींचा चिमणराव दूरदर्शनवर आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुढे आमच्या गावांत टीव्ही आले तेव्हा आळीत संच एक आणि पाहणारे तीस-चाळीस. पोरे पुढे जमिनीवर, बायका उंबऱ्याशी, पुरुष ओट्यावरून माना काढून. विनोद झाला की घर दणाणत असे आणि पुढचे वाक्य कोणालाच ऐकू येत नसे. तिथे पेटीतल्या हशाची काय गरज?

कॅसेटचा हशा वेगळा. पु. ल. देशपांडे यांच्या प्रयोगांच्या ध्वनिमुद्रणांत समोरच्या श्रोत्यांचा हशाही आहे. भोरच्या घरात टेपरेकॉर्डर लावून ते ऐकताना आपणही त्या नाट्यगृहात मागच्या खुर्चीवर बसलो आहोत असे वाटे. तो हशा दुसऱ्याचा असला तरी खरा होता. ज्या वाक्याला आला त्याच वाक्यामागे होता.

पुढे छत्र्या आल्या, डिश आली, घरोघर संच झाले. दूरदर्शनची जुनी जमिनीवरची प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाली. तीस-चाळीसांची मैफल चौघांवर आली, आणि मोबाइल आल्यावर एकट्यावर. याच काळात विनोदी मालिकांतून नंतर जोडलेला हशा आपल्या ओळखीचा झाला. २०१४ साली 'चला हवा येऊ द्या' आणि २०१८ साली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सुरू झाली. आता रंगमंचासमोर बसून हसणारी माणसेही कार्यक्रमाचाच भाग झाली. माणूस एकटा पडत गेला तसा पडद्यावरचा हशा वाढत गेला, असे या सगळ्या इतिहासाकडे पाहून आम्हाला वाटते.

हशाचे मोजमाप

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हसण्याचा अभ्यास प्रयोगशाळेबाहेर, बाजारात आणि रस्त्यावर केला. त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी सुमारे १,२०० हशांची नोंद केली. त्यांत विनोद म्हणावा असे काही अगदी थोड्या वेळा, म्हणजे शेकडा १० ते २० वेळाच बोलले गेले होते. बाकीचे हसू "बरंय, भेटू पुन्हा" असल्या साध्या बोलण्यावरचे. रेडिओ-टीव्ही वा पुस्तक जवळ नसेल, तर माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, असेही त्याला दिसले. हसणे हे मुख्यतः सोबतीचे लक्षण आहे.

१९९२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात त्याने वर्गात खेळण्यातली हसण्याची पेटी दहा वेळा वाजवली. पहिल्या वेळी बरेच विद्यार्थी हसले. पण दहाव्या वेळेपर्यंत बहुतेकांना त्या आवाजाचा वैताग आला. लंडनच्या सोफी स्कॉट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवले, की अगदी सुमार विनोदामागे हशा जोडला तर ऐकणाऱ्याला तो जास्त विनोदी वाटतो. त्यातही मुद्दाम काढलेल्या हसण्यापेक्षा उत्स्फूर्त हसण्याचा परिणाम अधिक. म्हणजे आपला कान दोन्हींतला फरक ओळखतो, आणि तरी दोन्हींना फसतो!

करून पाहा : वर्गाचा हशा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. मुलांना आधी सांगा आणि काम झाल्यावर तो पुसून टाका. प्रत्येक 'हा' साधारण ०.०७५ सेकंद टिकतो आणि एका 'हा'च्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ०.२१ सेकंद जातात, असे प्रोव्हाइनचे मोजमाप आहे. म्हणजे सेकंदाला पाचच्या आसपास 'हा'. ध्वनिमुद्रण संथ करून मुलांना मोजू द्या. मग एकच हशा दर मिनिटाला, असा दहा वेळा ऐकवा. आपल्याला हसू आले की नाही हे प्रत्येकाने दर वेळी चिठ्ठीवर गुपचूप लिहायचे. शेवटी फळ्यावर आलेख काढा. संसर्ग आणि सवय, दोन्ही एकाच रेषेत दिसतील.

वर्गातला हशा

त्या चित्रीकरणातली एक गोष्ट आम्ही अजून सांगितलेली नाही. त्या दिवशीचे प्रहसन खेड्यातल्या शाळेचे होते. त्यातला मुलगा 'पाणी'ला 'पानी' आणि 'नाही'ला 'न्हाय' म्हणे. दर 'पानी'ला सभागृह हसत होते. आम्हीही हसलो, आणि मोठ्याने हसलो.

दोन दिवसांनी आमच्यापैकी एकाच्या वर्गात एका वाडीवरचा पाचवीतला मुलगा धडा वाचत होता. त्याने 'पानी' वाचले. पुढच्या बाकावरून एक हसला, मग त्याचा शेजारी, मग सगळा वर्ग. आजींपासून आमच्यापर्यंत हसू जसे आले होते, अगदी तसे. मुलगा थांबला आणि खाली बसला. त्यानंतर कित्येक दिवस त्याने वाचायला हात वर केला नाही. त्या सरांनी वर्गाला विचारले, "तुम्ही का हसलात?" बऱ्याच मुलांचे उत्तर एकच होते, "सर, सगळे हसले म्हणून."

मुलांना रागवावे असे त्या सरांना वाटेना. टीव्हीवरचा हशा रोज संध्याकाळी त्यांना कुठे हसायचे ते शिकवत होता, आणि स्टुडिओत बसून आम्हीही तेच शिकवून आलो होतो. वाडीवरच्या घरातही तोच कार्यक्रम लागतो. आपल्या आजीसारखे, आपल्या बापासारखे बोलणाऱ्या माणसावर न दिसणारी शेकडो माणसे हसताहेत हे त्या मुलानेही ऐकलेलेच असणार.

सरांनी मग वर्गात एक बदल केला. शनिवारच्या शेवटच्या तासाला मुलांनी घरच्या बोलीत गोष्टी सांगायच्या, असे ठरवले. सुरुवातीला तो मुलगा पुढे आला नाही. जत्रेनंतरच्या शनिवारी आला. गावात आलेल्या तमाशातल्या सोंगाड्याची नक्कल त्याने करून दाखवली. वर्ग हसला, आणि त्याच्यावर नव्हे तर त्याच्याबरोबर हसला. हशा सुरू असताना तो पुढचे वाक्य बोलला नाही. कान देऊन, हशा ओसरायची वाट पाहत उभा राहिला. हे थांबणे त्याला कोणी शिकवले नव्हते.

वाचन मात्र त्याचे अजून अडखळतच होते. 'पाणी' आणि 'पानी' हा प्रश्न त्या तासाने सुटला नाही. त्यासाठी सरांना वर्षभर वेगळे काम करावे लागले. पण तो हात वर करू लागला, आणि त्याच्या 'पानी'ला हसण्यात त्या वर्गाला पुढे फारशी गंमत वाटेनाशी झाली.